नागपूरहून विमानाने जाताना: कोणती फेरी घ्यावी, कोणती टाळावी

सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मिळणाऱ्या सेवेला सरसकट गुण देता येत नाहीत. दिल्ली आणि मुंबईसाठी सेवा चांगली आहे. पुण्यासाठी विमाने आहेत, पण सणासुदीला भाडे हाताबाहेर जाते. राज्यातल्या छोट्या शहरांना जोडणाऱ्या फेऱ्या मोलाच्या आहेत, पण त्यांचा भरवसा कमी. दोह्यामार्गे परदेशी जाणाऱ्यांची सोय मात्र या आकाराच्या शहराच्या मानाने फारच चांगली आहे. या सगळ्यामागे मुख्य कारण एकच: विमान रात्री कुठे उभे राहते आणि दिवसभर कोणत्या क्रमाने फिरते. हे ज्याला कळले, तो तिकीट काढताना नुसते भाडे बघून थांबत नाही.

नकाशावर नागपूर मधोमध आहे. सरळ रेषेत मोजले तर मुंबई साधारण ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, बेंगळुरू ८८५, चेन्नई ९००, कोलकाता हजाराच्या आतबाहेर आणि हैदराबाद ४३० च्या आसपास. देशातली सहाही मोठी शहरे दोन तासांच्या टप्प्यात. मग सगळी विमाने इथे उतरवून प्रवाशांची अदलाबदल का करत नाहीत, हा प्रश्न नागपुरात वर्षानुवर्षे विचारला जातो. तो रास्त आहे, कारण एकेकाळी हे घडत होते.

१९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान उजाडायच्या आत आपापल्या शहरी परत जाई. चार विमानांत चारही शहरे एकमेकांशी रातोरात जोडली जात. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसला पार्सलची अशीच रात्रीची अदलाबदल १९७३ मध्ये सुरू केली. मध्यवर्ती केंद्राचे गणित नागपूरने त्याच्या चोवीस वर्षे आधी करून दाखवले होते. ते गणित असे: दहा शहरांहून एकेक विमान केंद्रात आले आणि तासाभराने परत गेले, तर केंद्र धरून अकरा शहरांच्या ५५ जोड्या जुळतात. त्या ५५ जोड्यांना थेट विमाने द्यायची तर ५५ मार्ग चालवावे लागतात. केंद्रामुळे काम दहा मार्गांत भागते.

पत्राला मध्यरात्री नागपुरात उतरायला काही वाटत नाही. माणसाला वाटते. दिल्ली ते बेंगळुरू थेट विमान पावणेतीन तासांत पोहोचते. तेच नागपुरात उतरवले तर प्रवाशाचे दोन-अडीच तास वाढतात आणि कंपनीचा एक जादा उतरण्या-चढण्याचा खर्च: विमानतळाचे शुल्क, चढाईत जळणारे इंधन, चाके, ब्रेक आणि इंजिनांची झीज. एवढे सोसून प्रवाशाला तिकीट स्वस्त द्यावे लागते, कारण थेट विमान सोडून तो उगाच कशाला येईल? मोठ्या शहरांच्या प्रत्येक जोडीमध्ये दिवसाला कितीतरी थेट विमाने भरतात, तोवर मधल्या केंद्राला प्रवासी उरत नाहीत. शिवाय देशातले केंद्र टिकते ते बरेचसे तिथल्याच प्रवाशांवर. विमानातली बरीच आसने त्या शहराच्या माणसांनी भरावी लागतात, उरलेली पुढे जाणाऱ्यांनी. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद हे करू शकतात. नागपूरला अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ, भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट असा मोठा परिसर आहे, पण तो अजून तेवढे प्रवासी देत नाही. म्हणून कंपन्यांच्या जाळ्यात नागपूर हे टोक आहे: विमान मोठ्या शहरातून येते, पाऊण तासाच्या आत परत जाते.

आता या टोकावर कोणती फेरी घ्यावी ते बघू.

खेड्यातल्या मुक्कामी एसटीसारखेच विमानांचे असते. रात्री गावात थांबलेली गाडी सकाळी वेळेवर सुटते, बाकीच्या गाड्या वरून कशा येतात त्यावर अवलंबून. नागपुरात रात्रभर उभे असलेले विमान सकाळी पहिल्या फेरीला निघते तेव्हा त्याच्या मागे कुठलाही उशीर साचलेला नसतो. कर्मचारी हॉटेलात झोपून आलेले असतात, विमानाची रात्रीची तपासणी झालेली असते. तेच विमान पुढे दिवसभरात पाच-सहा टप्पे करते. कमी भाड्याच्या कंपन्या एअरबस ए-३२० जमिनीवर जेमतेम ३० ते ३५ मिनिटे उभे ठेवतात, कारण विमान उडते तेव्हाच कमावते. या ३५ मिनिटांत उतरणे, सफाई, इंधन, सामान, चढणे सगळे बसवायचे असते. सकाळी दिल्लीत २० मिनिटे गेली की ती भरून काढायला जागा नसते. दुपारी ती ४० होतात, रात्री दीड तास. म्हणून नागपुरात रात्री उशिरा येणारी आणि लगेच परत जाणारी फेरी सर्वात बेभरवशाची. ती रद्द झाली तर त्या रात्री दुसरी सोयही नसते.

आपली फेरी मुक्कामी विमानाची आहे का, हे ओळखायला फार खटाटोप लागत नाही. वेळापत्रकात त्या कंपनीचे आदल्या रात्रीचे शेवटचे आगमन बघा. त्यानंतर रात्री तिचे उड्डाण नसेल तर ते विमान इथेच थांबले. दिवसाच्या फेरीसाठी विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये फेरीचा क्रमांक टाका. विमानाचा नोंदणी क्रमांक, व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारा, उघडला की ते आता कुठे आहे आणि त्याआधी कुठे होते ते दिसते. उड्डाणाच्या चार-पाच तास आधी ते दोन टप्पे मागे तासभर उशिरा असेल, तर कंपनीचा संदेश येवो न येवो, उशीर जवळपास ठरलेला. कंपनी ऐनवेळी विमान बदलते हेही खरे, पण ते जिथे तिची जादा विमाने उभी असतात तिथे: दिल्ली, मुंबई, बेंगळुरू. नागपुरात जादा विमान सहसा नसते. इथे विमान बिघडले की सुटा भाग किंवा दुसरे विमान बाहेरून यावे लागते, आणि अर्धा दिवस सहज जातो.

मुंबई. फेऱ्या पुरेशा, वेळा सोयीच्या, स्पर्धाही आहे. अडचण मुंबईच्या टोकाला. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत विमान आकाशात घिरट्या घालते. वेळापत्रकात दाखवलेल्या वेळेत कंपन्यांनी ही ढील आधीच धरलेली असते. सव्वा तासात होणारा प्रवास कागदावर दीड तासाच्या पुढे दिसतो तो यामुळे. विमान 'वेळेआधी' पोहोचले म्हणून आनंद होतो, पण ती वेळ आपल्याकडूनच घेतलेली असते. मुंबईला पुढचे विमान पकडायचे असेल तर टर्मिनल तिकिटावर वाचा. आंतरराष्ट्रीय विमाने सहारच्या टी-२ वरून सुटतात. सांताक्रूझच्या टी-१ ला उतरलात तर रस्त्याने जावे लागते आणि गर्दीच्या वेळी त्यात पाऊण तास जातो.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि इंडिगोने तिथून जाहीर केलेल्या पहिल्या शहरांत नागपूर होते. यात कंपन्यांचे धोरण उघड दिसते: जुन्या विमानतळावर नवे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, मिळत नाहीत, म्हणून वाढीव फेऱ्या नव्या ठिकाणी. ठाणे, पनवेल, खारघर, अलिबागकडे जाणाऱ्या नागपूरकराला हा सरळ फायदा आहे. अंधेरी-बोरिवलीला जाणाऱ्याने मात्र स्वस्त तिकीट बघून भुलू नये, टॅक्सीला वाचलेले पैसे जातात. शोधताना विमानतळाचे सांकेतिक नाव बघून घ्या, कारण काही संकेतस्थळे 'मुंबई' टाकल्यावर दोन्ही विमानतळांच्या फेऱ्या एकत्र दाखवतात.

मुंबई मार्गाचे भाडे डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे उसळते. सोमवारी सकाळी मुंबईहून नागपूर आणि आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी उलट, या फेऱ्या आमदार, अधिकारी, पत्रकार यांनी भरतात. त्या दिवसांत उलट्या दिशेने जाणाऱ्याला, म्हणजे सोमवारी सकाळी मुंबईला निघालेल्या नागपूरकराला, तिकीट रास्त दरात मिळण्याची शक्यता जास्त. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांची गर्दी वेगळी असते. ती बहुतांशी रेल्वेने आणि रस्त्याने येते, विमानभाड्यावर तिचा भार तुलनेने कमी.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचे अंतर मोटारीने आठ तासांवर आले. चौघांचे कुटुंब असेल तर विमानाचे गणित आता पुन्हा मांडायला हवे. एकटा कामानिमित्त जाणारा माणूस बहुधा विमानातच बसेल, नाहीतर दुरांतोसारखी रात्रीची गाडी धरेल, ती त्याला हॉटेलचा खर्चही वाचवून देते. कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे; म्हणून या मार्गावर जाऊन त्याच दिवशी परत येता यावे अशा सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांचे भाडे चढे असते आणि दुपारची आसने स्वस्त.

दिल्ली. या विमानतळावरची ही सर्वात उपयोगी देशांतर्गत सेवा. उत्तर भारतात आणि परदेशात पुढे जायला एका तिकिटावर सर्वाधिक पर्याय इथून मिळतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी दिल्लीहून येणाऱ्या आणि तिथे परत जाणाऱ्या फेऱ्या धुक्यात अडकतात. नागपुरात लख्ख ऊन असते आणि फलकावर उशीर दिसतो, तेव्हा प्रवासी काउंटरवर चिडतात. विमान दिल्लीतच उभे असते, काउंटरवरची व्यक्ती काही करू शकत नाही. या दोन महिन्यांत दिल्लीसाठी दुपारी एक ते पाचच्या दरम्यान तिथे उतरणारी फेरी घ्यावी. मुक्कामी फेरीचा नियम इथे उलटतो: नागपूरहून भल्या पहाटे वेळेवर निघालेले विमान दिल्लीत उतरायच्या वेळी धुके सर्वात दाट असते.

पुण्यावर जरा थांबावे लागेल, कारण नागपूरकरांची सर्वाधिक तक्रार या मार्गाची आहे आणि भाडे का चढते ते इथे नीट दिसते. या मार्गाचे प्रवासी म्हणजे विद्यार्थी, आयटीतले नोकरदार आणि त्यांचे आईवडील. दिवाळीच्या आधी सगळे पुण्याहून नागपूरला निघतात. उलट दिशेने विमान अर्धे रिकामे जाते. समजा १८० आसनांच्या विमानाला जाऊन-येऊन खर्च भागवायला दर आसनी सरासरी ५,००० रुपये हवेत. दोन्ही बाजू मिळून १८ लाख झाले. परतीला फक्त ६० जण आणि तेही २,५०० रुपयांत बसले, तर दीड लाख मिळाले. उरलेले साडेसोळा लाख पुण्याहून येणाऱ्या १८० जणांकडून, म्हणजे प्रत्येकी ९,००० च्या वर. ही नुसती खर्चाची बरोबरी झाली, नफा वेगळा. त्यात पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ. तिथे नागरी विमानांना स्लॉट मोजूनच मिळतात, त्यामुळे मागणी चढली म्हणून कंपनीला वाटेल तेवढ्या जादा फेऱ्या टाकता येत नाहीत. मागणी एकाच दिशेला, फेऱ्या वाढत नाहीत, मग भाडेच वाढते.

यावर उपाय म्हणजे दिवाळीचे तिकीट दीड-दोन महिने आधी घेणे, आणि सणाच्या आदल्या दोन दिवसांऐवजी चार-पाच दिवस आधीची तारीख धरणे. आईवडिलांनीच पुण्याला जायचे ठरवले तर उलट्या दिशेचे स्वस्त आसन मिळते. अनेक घरांत आता हेच होते. ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्थानकाहून पुण्याला वंदे भारत सुरू आहे, ८८१ किलोमीटर आणि बारा तास. बसून बारा तास काढणे वयस्कांना जड जाते, पण विमानाचे भाडे पाच अंकांकडे सरकले की हीच गाडी शहाणपणाची. सणाच्या तोंडावर ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसचे दरही विमानामागून चढतात, तेव्हा तिथे बचत होईलच असे धरू नका.

बेंगळुरूची सेवा चांगली आहे आणि दक्षिणेत पुढे जायला सोयीची. हैदराबादला अंतर कमी, तरी किलोमीटरमागे भाडे जास्त वाटते. त्याचे कारण सरळ आहे: विमानतळाचे शुल्क आणि चढाईचे इंधन ४३० किलोमीटरला आणि ९०० किलोमीटरला जवळपास सारखेच, वाटून घ्यायला किलोमीटर मात्र निम्मे. हैदराबाद शहरातच काम असेल तर नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत बघा. पुढे विमान पकडायचे असेल तरच विमानाने जा.

आता छोटे मार्ग. नाशिक, इंदूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांसाठी इंडिगोने ७८ आसनी एटीआर-७२ वापरले आहे; नांदेड आणि बेळगावसाठी स्टार एअरची ७६ आसनी एम्ब्रेअर-१७५. मार्ग आणि वार हंगामागणिक बदलतात, तेव्हा ताजे वेळापत्रक बघणे भाग आहे. ही विमाने इथे का, ते आकड्यांतून समजते. रोज एक फेरी ८० टक्के भरायची तर ए-३२० ला एका दिशेने १४४ माणसे लागतात, एटीआरला ६२. नागपूर-नाशिकला रोज ६२ जण मिळतील, १४४ मिळणे कठीण. एटीआर पंख्याचे विमान, वेग कमी, साडेपाचशे किलोमीटरला दीड तास किंवा अधिक. पण इंधन बरेच कमी पिते.

एटीआरमध्ये काय होते ते माहीत असू द्या. आसने दोन-दोन, मधले आसन नाही, ही चांगली बाजू. डोक्यावरचे कप्पे लहान. सात किलोची कडक चाकांची बॅग बहुधा दारात घेऊन सामानात टाकतात, तेव्हा औषधे, लॅपटॉप आणि दागिने त्या बॅगेत ठेवू नका. चढउतार मागच्या दाराने आणि पायऱ्यांनी होतो, म्हणून गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी व्हीलचेअर व उचलण्याची सोय तिकीट काढतानाच सांगावी. विमान कमी उंचीवरून उडते, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या हवेचे धक्के जास्त बसतात. पोटात कालवणाऱ्यांनी पंखांच्या जवळची रांग घ्यावी आणि शक्यतो सकाळची फेरी.

या मार्गांचा खरा दोष भरवशाचा. अशी विमाने कंपनीकडे मोजकी, एखादे दुरुस्तीला गेले की मोठ्या मार्गाला हात न लावता छोटी फेरी रद्द करणे कंपनीला परवडते, कारण त्यात ७० प्रवाशांची सोय लावायची असते, १८० ची नाही. शिवाय अनेक लहान विमानतळ ठरावीक तासच उघडे असतात. विमान दीड तास उशिरा निघाले तर पोहोचायच्या आत तिथला विमानतळ बंद होतो आणि फेरीच जाते. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेतल्या मार्गांचे आणखी एक आहे. तिथे सरकार कंपनीला तोट्याची भरपाई साधारण तीन वर्षे देते, त्या बदल्यात ठरलेली आसने मर्यादित भाड्यात विकावी लागतात. तीन वर्षांनी भरपाई थांबते आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिलेला नसेल तर फेरी बंद पडते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी अलायन्स एअरची एटीआर सुरू झाली. अमरावतीकरांना नागपूरपर्यंतचे दीडशे किलोमीटर वाचतात, हे मोठे काम झाले आहे. पण लग्न, परीक्षा, न्यायालयाची तारीख अशा न टळणाऱ्या कामाला, रोज नसलेल्या कोणत्याही फेरीवर एकट्या भरवशाने जाऊ नये. एक दिवस हाताशी ठेवा, किंवा रेल्वेचे तिकीट काढून ठेवा.

दोहा ही या विमानतळावरची सर्वोत्तम सेवा, हे ठामपणे सांगतो. कतार एअरवेज २०१५ पासून नागपूरला येते. उड्डाण भर रात्री-पहाटे का, असा वैताग असतो. दोह्यात युरोप-अमेरिकेची विमाने सकाळी एका घोळक्याने सुटतात. त्यांना जुळायचे तर नागपूरहून चार तासांचा प्रवास करून सकाळी तिथे उतरावे लागते. घड्याळ अडीच तास मागे जाते, ते इथे कामी येते. रात्रीची झोप गेली, पण मुंबई-दिल्लीचा एक टप्पा वाचला. त्याहून मोठा फायदा परतीला. दिल्ली-मुंबईमार्गे परत आलात तर तिथेच सामान घेऊन कस्टम पार करून पुन्हा देशांतर्गत काउंटरवर द्यावे लागते. दोह्यामार्गे सामान थेट नागपुरात मिळते, इमिग्रेशन आणि कस्टम इथेच. मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या सत्तरीच्या आईवडिलांसाठी पाच-सात हजार रुपये जास्त पडले तरी हाच मार्ग घ्यावा. फक्त दोह्यातली जोड दोन तासांहून कमी असेल तर पुढचा पर्याय निवडा. शारजाची एअर अरेबिया आखातात नोकरीला असलेल्यांसाठी उत्तम. पण ती कमी भाड्याची कंपनी, सामान आणि जेवणाचे पैसे धरूनच तुलना करा.

एकच कंपनी बाजारात फार मोठी झाली की काय होते, ते २०२५ च्या डिसेंबरात देशाने पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रीच्या कामाचे कडक नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले, इंडिगोचे वैमानिकांचे नियोजन त्याला पुरे पडले नाही आणि काही दिवसांत हजारो फेऱ्या रद्द झाल्या. देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्या एका कंपनीकडे, त्यामुळे दुसरीकडे आसनेच नव्हती. सरकारने तेव्हा भाड्यावर मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००. नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू सगळी शहरे दुसऱ्या गटात पडली आणि हैदराबाद पहिल्यात. नागपूरसारख्या टोकाला अशा वेळी जास्त सोसावे लागते, कारण इथे अनेक मार्गांवर दुसरी कंपनीच नसते. २०१९ मध्ये जेट आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडल्यापासून हे पर्याय आणखी घटले. महत्त्वाच्या कामासाठी जाताना ज्या मार्गावर निदान दोन कंपन्या आहेत तो निवडावा, भाडे थोडे जास्त असले तरी. नागपूरहून असे मार्ग म्हणजे प्रामुख्याने मुंबई आणि दिल्ली.

विमानतळावर पोहोचण्याबद्दल. मेट्रोचे एअरपोर्ट स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान असेल तर तिथून रिक्षा किंवा फीडर बस लागते. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री दहाला थांबते, म्हणजे मुक्कामी विमानाच्या पहिल्या फेरीला आणि दोह्याला तिचा उपयोग नाही. देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि विमानात चढायचे दार २५ मिनिटे आधी. सकाळी साडेपाच ते आठ या वेळात सुरक्षा तपासणीची रांग लांबते, कारण मुक्कामी विमाने सगळी एकाच सुमारास सुटतात. सामान द्यायचे असेल तर या वेळात पावणेदोन तास धरा. दुपारी सव्वा तास पुरतो.

तुमच्या तिकिटाची तारीख मार्चच्या शेवटच्या रविवारानंतरची किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारानंतरची असेल, आणि तुम्ही ते त्याच्या बरेच आधी काढले असेल, तर वेळ बदलण्याची तयारी ठेवा. त्या दोन रविवारी उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक बदलते. पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर इथेच घात होतो: पहिली फेरी तीन तास पुढे ढकलली जाते, दुसऱ्या कंपनीला त्याचे सोयरसुतक नसते आणि दुसरे तिकीट बुडते. जोडप्रवास एकाच पीएनआरवर काढा. स्वस्तासाठी दोन तिकिटे काढायचीच असतील तर मध्ये निदान पाच तास ठेवा, आंतरराष्ट्रीय असेल तर रात्रभर.

फेरी रद्द झाली आणि कंपनीने उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत कळवले नसेल, तर हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार दुसरी फेरी किंवा पूर्ण परतावा याशिवाय भरपाईही मिळते. एक ते दोन तासांच्या प्रवासाला, म्हणजे नागपूरहून मुंबई, दिल्ली किंवा पुण्याला, ती ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतले जे कमी असेल ते. हवामान, संप, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ती लागू नाही. दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणेपिणे द्यावे लागते. सहा तासांहून जास्त झाला तर दुसरी फेरी किंवा परतावा. रात्री आठ ते पहाटे तीन दरम्यानच्या फेरीला सहा तासांहून अधिक उशीर असेल तर हॉटेलही.

या भरपाईवर पाणी पडते ते बहुधा एका साध्या चुकीने. एजंट तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकतो. रद्द झाल्याचा संदेश त्याच्याकडे जातो, प्रवाशाला कळत नाही, आणि नियमात स्पष्ट आहे की प्रवाशाने संपर्काचा तपशील दिला नसेल तर भरपाई देणे कंपनीवर बंधनकारक नाही. तिकीट हातात आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून आपला क्रमांक आणि ईमेल तिथे आहे ना ते बघा, नसेल तर बदला. काउंटरवर रद्द होण्याचे कारण लेखी किंवा ईमेलने मागा, कारण 'हवामान' की 'तांत्रिक' यावरच भरपाई ठरते. फलकाचा वेळेसह फोटो घ्या, त्याच वेळी त्या शहराला दुसऱ्या कंपनीची विमाने उडत होती का त्याची नोंद ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तीच कागदपत्रे चढवा.